अक्काची उत्तरं

दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती. पूर्वी तिथं एक्स-रे काढायचे, म्हणून तिला खिडकी नव्हती. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि भिंतीवर घरघरणारा पंखा. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, पुढच्या महिन्याच्या गोळ्या हातात पडल्या, की सगळ्यात शेवटी या खोलीत जायचं. तिथं एक मॅडम बसायच्या आणि आम्हाला प्रश्न विचारायच्या.

मी तेव्हा तिशी ओलांडली होती. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती आणि तो ज्या आजारानं गेला तोच माझ्या रक्तात होता. एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला अजून सुरुवात झाली नव्हती, आणि विकत घेणं माझ्यासारखीच्या आवाक्यातलं नव्हतं. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात गोळ्यांची चाचणी सुरू होतेय, तिथं नाव नोंदलं तर ती संपेपर्यंत औषध मिळेल, असं कळलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी कंपनीत सुट्टी टाकून जाऊन उभी राहिले.

दोन तऱ्हेच्या गोळ्यांची तुलना करायची होती. एका गटाला झोपताना एक मोठी पिवळी गोळी, दुसऱ्या गटाला सकाळ-संध्याकाळ पांढरी. बाकीच्या गोळ्या दोघांना सारख्याच. कुणी कुठल्या गटात जायचं ते संगणक ठरवायचा. मला पिवळी आली.

"विषाणू किती कमी झाला ते रक्त सांगतं," मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या, "पण तुम्हाला कसं वाटतंय ते रक्त सांगत नाही. ते फक्त तुम्हीच सांगू शकता. म्हणून हे प्रश्न."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. आजार कळल्यापासून मला लोकांनी पुष्कळ काही विचारलं होतं. कुणापासून झालं, कधीपासून आहे, सासरी माहीत आहे का. कसं वाटतंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

मॅडम शहरातच गारखेड्यात राहायच्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, नुकतंच शिक्षण संपवून लागलेल्या, स्कूटीवरून यायच्या. त्यांना एक नियम होता. प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा. समजला नाही तर पुन्हा वाचायचा, पण समजावून सांगायचा नाही. मान डोलवायची नाही, अरेरे म्हणायचं नाही. आम्ही सांगू त्यावर खूण करायची: अजिबात नाही, थोडा, बराच, खूप. प्रश्न परदेशात तयार झाले होते आणि कुणीतरी ते मराठीत आणले होते. मराठी सगळी बरोबर होती, पण तसं बोलणारं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं.

खोलीबाहेर लाकडी बाक होता. तिथंच माझी अक्काशी ओळख झाली. नाव आम्ही एकमेकींना सांगितलं नाही. तिथं कुणी कुणाला नाव विचारत नसे. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी वाटली म्हणून मी अक्का म्हटलं, आणि ती मला बाई म्हणू लागली. खुलताबादच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत त्यांची वस्ती. मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि सुगीत दुसऱ्याच्या रानात मजुरी. सावळी, रुंद कपाळाची, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. हाताला कायम लोकरीचा वास. तिचा नवरा दर वेळी सोबत यायचा, पण आत येत नसे. फाटकाबाहेर लिंबाखाली घोंगडी टाकून बसायचा. त्यानं स्वतःची तपासणी करून घेतली नव्हती. डॉक्टर दर वेळी अक्काजवळ निरोप द्यायचे, आणि ती दर वेळी "सांगते" म्हणायची.

पहिल्यांदा खोलीतून बाहेर आली तेव्हा अक्का हसत होती.

"बाई, ती पोरगी इचारती, तुमी उत्साहानं वसांडून गेलता का? म्या म्हनलं, म्हंजी भांडं भरल्यावर सांडतं तसं? तर ती गप. परत तेच वाचलं."

"मग तू काय सांगितलं?"

"काय सांगायचं? अजिबात नाय म्हनलं."

"आणि बाकीचं?"

"समदं अजिबात नाय. डोकं दुखतं का, अजिबात नाय. झोप येती का, अजिबात नाय."

"अगं, झोप येते का याला अजिबात नाही म्हणालीस तर त्याचा अर्थ झोप येत नाही असा झाला."

तिचं हसू गेलं. "मग आता? गोळ्या बंद करत्याल?"

ही भीती बाकावरच्या सगळ्यांच्याच पोटात होती. आमच्याआधी नाव नोंदवलेल्या एका माणसाच्या गोळ्या थांबवल्या होत्या. त्याचं रक्त फार उतरलं होतं म्हणून थांबवल्या, असं मला मॅडमनी नंतर सांगितलं. पण बाकावर बातमी अशी पसरली होती की तो फार तक्रारी सांगायचा म्हणून त्याला काढलं. अक्काच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. त्रास सांगितला की गोळी बंद, गोळी बंद झाली की माणूस संपलं.

मी तिला समजावलं. डॉक्टरांनीही तिला सांगितलं होतं की अंगावर पुरळ आलं, डोळे पिवळे झाले, ताप आला तर त्याच दिवशी निघून ये. ती मान हलवायची. एकदा ती मला म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हायेत. तुमी काय बी सांगितलं तर ते ऐकून घेत्याल. आमचं काय?"

मी कशी शिकले ते तिला सांगितलं नाही. पुढं एकदा तिनंच विचारलं, "तुमी कुठल्या?" मी गावाचं नाव घेतलं. तिला ते माहीत होतं. ती म्हणाली, "नामांतराच्या वक्ताला लई जाळलं म्हनं तिकडं."

"हो. आमचंच घर होतं त्यात."

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या गावोगावी आमच्या बौद्धांच्या वस्त्यांवर लोक चालून आले, तेव्हा मी दुसरीत होते. मला तुटक तुटक आठवतं. पाऊस होता, तरी छप्परं जळत होती. आई पोटुशी होती, दिवस भरत आले होते. आम्ही ज्वारीच्या रानात चिखलात पडून राहिलो. मग कसेबसे शहरात आलो आणि एका शाळेच्या वर्गात इतर कुटुंबांबरोबर राहिलो. तिथं आई बाळंत झाली. मूल जिवंत नव्हतं, आणि आईचा ताप उतरला नाही. तिचा एकच फोटो होता, जत्रेत काढलेला. तो घराबरोबर गेला. पुढं पुढं मला तिचा चेहरा आठवेनासा झाला. तिचा हात आठवायचा, हाक मारायची तऱ्हा आठवायची. चेहऱ्याच्या जागी काही नसायचं.

बाबा गावी परत गेले नाहीत. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या फाटकावर ते पहारेकरी म्हणून लागले. नंतर वाळूजकडं कंपन्यांवर कंपन्या उभ्या राहिल्या, माणसं कमी पडायला लागली, आणि गावाकडून हाकललेली कितीतरी माणसं त्या पत्र्यांच्या शेडमध्ये पोटाला लागली. बाबांनी मला बारावीपर्यंत शिकवलं. नामांतराच्या मोर्च्यांना मी जायचे. अशाच एका मोर्च्यात आम्हाला पकडून पोलिसांच्या गाडीत भरलं, तेव्हा शेजारी उभा असलेला आयटीआयचा मुलगा पुढं माझा नवरा झाला. वाळूजला लेथवर काम करायचा. कित्येक वर्षांनी विद्यापीठाच्या फाटकावर नवं नाव लागलं, तेव्हा आम्ही दोघं सायकलवरून ते बघायला गेलो होतो. त्या दिवशी तो ठणठणीत होता. पाचेक वर्षांत त्याचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. तो गेल्यावर सासरचं दार बंद झालं. मी बाबांना घेऊन पुंडलिकनगरमध्ये एका बंगल्यामागची खोली भाड्यानं घेतली आणि वाळूजला पॅकिंगच्या कामाला लागले.

यातलं मी अक्काला एवढंच सांगितलं की घर जळलं आणि आई गेली. ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"आमच्या गावात बी जाळलं," ती म्हणाली. "म्या ल्हान व्हते. आमच्या बापानं दार लावून घेतलं. आमाला म्हनला, कुनी कायबी इचारलं तर आपल्याला ठाव नाय म्हनायचं. सकाळी पोलीस आलते. त्यांनी इचारलं."

"मग?"

"म्हनलं, ठाव नाय."

तिनं पिशवीतून बाजरीची भाकरी काढली, तिचा अर्धा तुकडा मोडून माझ्यापुढं धरला. मी घेतला.

पिवळी गोळी सुरू झाली आणि काही दिवसांतच मला स्वप्नं पडायला लागली. या गोळीनं असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. गरगरतं, सकाळी डोकं जड राहतं, चित्रविचित्र स्वप्नं पडतात. गरगरायचं तर इतकं की कंपनीच्या बसची पायरी चढताना मी दांडा घट्ट धरायचे. पण स्वप्नं चित्रविचित्र नव्हती. माझ्या घरचीच होती. पाऊस, जळणारं छप्पर, धुरात ओरडणारी माणसं. कुणीतरी माझं मनगट धरून मला ओढतंय. मी वर बघते आणि एक चेहरा दिसतो. सावळा, रुंद कपाळाचा, हनुवटीवर ठिपके. मग मी ओरडून उठायचे. अंग घामानं चिंब असायचं. बाबा पाण्याचा तांब्या पुढं करायचे आणि काही विचारायचे नाहीत.

इतक्या वर्षांनी मला आई दिसत होती. मी तशीच डोळे मिटून पडून राहायचे, तो चेहरा पुसला जाऊ नये म्हणून.

मॅडमच्या कागदावर नेमका त्याचा प्रश्न होता. "गेल्या महिन्यात तुम्हाला वाईट स्वप्नं पडली का? पडली असल्यास त्यांचा तुम्हाला किती त्रास झाला?"

"स्वप्नं पडतात," मी म्हणाले. "पण वाईट म्हणायची का ते कळत नाही."

मॅडमनी प्रश्न पुन्हा वाचला.

"त्यात माझी आई येते."

त्यांचं पेन थांबलं. चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना काहीतरी बोलायचंय. पण त्या म्हणाल्या, "वाईट आहेत की नाहीत ते तुम्ही ठरवायचं. मला सांगता येत नाही."

"मग थोडा लिहा," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर मी हे अक्काला सांगितलं. तिनं ते अगदी मनापासून ऐकलं. "माय दिसती म्हनल्यावर वाईट कसं?" ती म्हणाली. "मला बी पांढरीच्या जागी तसली गोळी द्यायला पायजे व्हती. माझी माय बी लई लवकर गेली."

त्यापुढच्या खेपेला अक्का आली ती अंगभर पदर लपेटून. ऊन मी म्हणत होतं. मी बाकावर तिच्याशेजारी बसले तर ती खांदा भिंतीला घासत होती.

"काय होतंय गं?"

"कायबी नाय. पिसवा चावल्यात. मेंढरांच्या वाड्यात लई झाल्यात."

मी तिचा पदर सारला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे होते, खाजवून खाजवून सोललेले. तिनं झटक्यात हात ओढून घेतला. तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडं पाहिलं. पांढऱ्या भागावर पिवळट झाक होती.

"अक्का, डॉक्टरांना दाखवलंस?"

"रक्त घेतलंय. गोळ्या बी मिळाल्या. डाक्टर पेशंटात गुतलेत, दुपारी बघतो म्हनले, म्हून आधी म्याडमकडं धाडलं."

"आणि मॅडमना काय सांगितलंस?"

तिनं पदर पुन्हा लपेटून घेतला. मी पुन्हा विचारलं.

"अजिबात नाय," ती खाली मान घालून म्हणाली. मग माझा हात धरला. "बाई, तुमाला आन हाय. कुनाला बोलू नका. गोळ्यांनी मला उभं केलंय. आधी हांथरुनात व्हते म्या. आता मेंढरांमागं जाती. बंद झाल्या तर परत हांथरून."

मी उठले आणि सरळ मॅडमच्या खोलीत शिरले. आत दुसरा पेशंट होता, तरी म्हटलं, "बाहेर जी बाई बसलीय तिच्या अंगावर पुरळ आहे. डोळे पिवळे आहेत. तिनं तुम्हाला सांगितलं नाही."

मॅडम चटकन उठल्या. "तिच्या कागदावर मला तिनं सांगितलं तेवढंच लिहिता येतं. पण डॉक्टरांना मी आत्ता सांगते." त्या धावतच गेल्या. डॉक्टरही हातातलं काम टाकून बाहेर आले.

बाक रिकामा होता. मी फाटकाकडं पळाले. लिंबाखाली घोंगडी नव्हती. पहारेकरी म्हणाला, "वो दोनों तो निकल गये. बस पकडनी थी बोले."

मी बसस्टँडवर रिक्षानं गेले. खुलताबादची गाडी सुटून गेली होती.

दवाखान्यानं त्याच दिवशी निरोप पाठवला. त्यांच्या वस्तीजवळच्या किराणा दुकानात फोन होता, तो नंबर अक्कानं लिहून दिलेला होता. दुकानदार म्हणाला, सांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. सांगितलंय, म्हणाला. रक्ताचा रिपोर्ट आला तो वाईट होता. लिव्हर बिघडलं होतं. मग दवाखान्याची गाडी गेली तर ती वस्तीवर नव्हती. पाहुण्यांकडं गेलीय, एवढंच घरच्यांनी सांगितलं. गोळ्या ताबडतोब थांबवा, असं ड्रायव्हरजवळ लिहून दिलेलं होतं. तो कागद कुणी वाचला का, ते कळलं नाही.

अक्का गेल्याची बातमी मला मॅडमनी दिली. कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी त्या स्कूटीवरून माझ्या खोलीवर आल्या. घरमालकीण विचारू लागली तर मी म्हटलं, मैत्रीण आहे. बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मॅडम खाटेवर टेकल्या आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मला तिच्या घरी जावं लागणार आहे," त्या म्हणाल्या. "शेवटचे दिवस कसे गेले ते विचारून यायचं आहे, उरलेल्या गोळ्या परत आणायच्या आहेत. तिच्या नवऱ्यानं निरोप दिलाय की बाकावरच्या ताईंना सोबत आणा. तुम्ही याल?"

आम्ही सकाळच्या बसनं गेलो. खुलताबादच्या वेशीपाशी अक्काचा नवरा वाट बघत उभा होता. तिथून पायवाटेनं वस्तीवर. काटक्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा, दोन खोल्यांचं घर, समोर दगडाची चूल. मेंढरं कुणीतरी चारायला नेली होती. घरातल्या बायका दारातून बघत होत्या, पण जवळ कुणी आलं नाही. पाणीसुद्धा त्यानंच आणून दिलं. आम्हाला बसायला त्यानं घोंगडी अंथरली आणि स्वतः समोर मातीत बसला.

मॅडमनी कागद काढले आणि अवघडत विचारायला सुरुवात केली. ताप कधी आला, उलट्या झाल्या का, शुद्ध कधी हरपली.

"कावीळ झाली म्हनले लोक," तो सांगू लागला. "मंग तिकडं एक कावीळ उतरवनारा हाय, त्याच्याकडं नेली. त्यानं चुन्याच्या पान्यात हात धुवायला लावले. पानी पिवळं जरद झालं. म्हनला, उतरली. दुसऱ्या दिशी ती मानूसच वळखंना."

"दवाखान्यात का नाही आणलं?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"ती नगं म्हनली. म्हनली, गेलं तर गोळ्या काढून घेत्याल." त्यानं कमरेची पिशवी काढून मॅडमपुढं ठेवली. आत गोळ्यांच्या बाटल्या होत्या. "शुद्ध असस्तवर घेत व्हती. एक बी चुकवली नाय."

मॅडमनी बाटल्या हातात घेतल्या.

"म्याडम, एक इचारू?" तो म्हणाला. "तुमी तिला दर बारीला इचारायच्या. तरास हाय का, दुखतं का. तिनं काय सांगितलं वो तुमाला?"

नियमाप्रमाणं मॅडमना ते सांगता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "काही त्रास नाही, असंच सांगायची."

"मला बी तेच सांगायची," तो म्हणाला. "वाड्याच्या काटकीनं अंग खाजवायची, रगत येईस्तवर. इचारलं का म्हनायची, पिसवा. म्या मेंढरं धुतली, वाडा झाडला, औषीद फवारलं. पिसवा नव्हत्याच." त्यानं मान फिरवली. "मला वाटलं, तुमाला तरी खरं सांगत असल."

निघताना मी त्याला म्हटलं, "दादा, तुम्ही तपासून घ्या." तो व्हय म्हणाला, अक्का डॉक्टरांना 'सांगते' म्हणायची अगदी तसंच. पुढं तो आला नाही. मॅडम दोनदा वस्तीवर जाऊन आल्या. दुसऱ्या वेळी कळलं की तो मेंढरं घेऊन लांब कुठंतरी गेला आहे.

माझी स्वप्नं चालूच होती. उलट आता जास्त वाईट पडत. ओढणारा हात सुटायचा आणि मी धुरात एकटी राहायचे. एका सकाळी चहा पिताना मी बाबांना विचारलं. आम्ही दोघं इतकी वर्षं एका खोलीत राहत होतो, पण त्या दिवसांबद्दल आमच्यात एक शब्द झालेला नव्हता.

"बाबा, आईच्या हनुवटीवर गोंदण होतं ना? तीन ठिपके?"

बाबांनी कप खाली ठेवला. "नाय माय. गोंदण नव्हतं तिला."

"नीट आठवा."

"नीटच सांगतो. तिच्या बापानं दीक्षा घेतलेली. त्यानं पोरींना गोंदू दिलं नाय. लग्नात आमच्या बायका म्हनत व्हत्या, नवरीचं कपाळ, हनुवटी समदं कोरं हाय म्हनून."

"कपाळ रुंद होतं?"

"नाय. ल्हान व्हतं. केस फुडं यायचे." ते थांबले. "हसली का तोंडावर पदर धरायची. मानसांत तर कायम पदरच. मला बी आता समदं तोंड आठवत नाय. डोळे आठवतात."

मी चहा तसाच ठेवून मोरीपाशी जाऊन उभी राहिले. तो चेहरा कुणाचा होता ते आता मला स्पष्ट दिसत होतं. महिन्या-महिन्याला मी तिच्याशेजारी बाकावर बसत होते, तिची भाकरी खात होते, आणि गोळीनं तिचंच तोंड उचलून माझ्या आईच्या धडावर बसवलं होतं. आई मला कधी दिसलीच नव्हती. आणि जी दिसत होती तीही आता मेलेली होती.

त्या महिन्यात मॅडमनी स्वप्नांचा प्रश्न वाचला तेव्हा मी म्हणाले, "खूप."

त्यांनी खूण केली. मग पेन बाजूला ठेवलं आणि नियम मोडून विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "हे लिहायला या कागदावर जागा नाही."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

माझं उत्तर पाहून डॉक्टरांनी बोलावलं. स्वप्नांचा इतका त्रास होत असेल तर गोळी बदलता येईल, म्हणाले. बदलून जी द्यायची ती पांढरी, सकाळ-संध्याकाळची. अक्काची. तुमचं रक्त बघून, काळजी घेऊनच देऊ, प्रत्येकाला तसा त्रास होत नाही, हेही त्यांनी नीट समजावलं. ते खरंच बोलत होते. पण मी नको म्हटलं. स्वप्नं चालतील, म्हटलं.

पुढं तीही कमी झाली. शरीराला गोळीची सवय झाली की असं होतं म्हणे. आधी आग गेली, मग पाऊस गेला, आणि मग मला काहीच दिसेनासं झालं. माझं वजन वाढलं. कंपनीतल्या बायका म्हणायला लागल्या, तब्येत सुधारली तुमची. मॅडमच्या प्रश्नांना मी थोडा, थोडा अशी उत्तरं द्यायचे आणि ती खरी असायची.

चाचणी संपली तेव्हा दवाखान्यानं आम्हा सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावलं. बाहेरून एक मोठे डॉक्टर आले होते. त्यांनी भिंतीवर रंगीत पट्ट्यांची चित्रं दाखवली. दोन्ही गोळ्यांनी विषाणू आटोक्यात राहतो, असं सांगितलं. मग पुढचं चित्र आलं. पेशंटनी स्वतः सांगितलेला त्रास. पिवळ्या गोळीची पट्टी उंच होती, पांढऱ्या गोळीची बुटकी.

मी हात वर केला. सगळे वळून बघायला लागले. तिथं हात वर करायची पद्धत नव्हती.

"यात वारलेली माणसं आहेत का?"

"मृत्यूची नोंद वेगळी केलेली आहे," ते म्हणाले. "ती फार गंभीरपणे घेतली आहे. या गोळीबद्दल आता आम्ही जास्त काळजी घ्यायला सांगतोय."

"ते नाही विचारत. वारण्याआधी त्यांनी या प्रश्नांना जी उत्तरं दिली होती, ती या पट्टीत आहेत का?"

त्यांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आहेत," ते म्हणाले. "पेशंट जे सांगतो तेच आम्ही मोजतो. त्यात आम्ही आपल्या मनानं बदल करू शकत नाही. केला तर मग विचारण्याला अर्थ काय?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला त्यात चूक काढता आली नाही, आजही येत नाही. मी खाली बसले. बुटकी पट्टी भिंतीवर अजून होती. ती जितकी बुटकी होती त्यात थोडी अक्का होती, तिचं सगळं 'अजिबात नाही' त्यात होतं.

नंतर चहा आणि समोसे होते. मॅडम माझ्याजवळ आल्या. ही नोकरी सोडतेय, म्हणाल्या. पुढं काय करणार ते ठरलेलं नव्हतं. आम्ही दोघींनी उभ्या उभ्या चहा घेतला.

त्यानंतर थोड्याच काळात सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळायला लागल्या. तिथं सकाळपासून रांग असते. खिडकीवरचा माणूस पुस्तिका बघतो, गोळ्या मोजतो, शिक्का मारतो आणि "पुढचा" म्हणतो. त्याचंही बरोबर आहे, मागं माणसं ताटकळत असतात. बाबा आता नाहीत. मी कंपनी सोडली, गुडघे धरतात. अजून गोळ्या घेते, एकही चुकवत नाही. रांगेत उभी असताना कधी शेजारची बाई पदर लपेटून खांदा घासताना दिसली, तर मी तिला विचारते. बहुतेक जणी म्हणतात, काही नाही, उन्हानं होतंय. मी मग डॉक्टरांना दाखवा म्हणते. काही जणी दाखवतात.